एकाच शेडमध्ये चिक्की आणि ‘शेंगदाणामुक्त’ लाडू: बायोसेन्सर कुठे उपयोगी, कुठे नाही

प्रश्न असा आला आहे: “आमचं कुपवाड एमआयडीसीत छोटं युनिट आहे. नाचणीची बिस्किटं, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणा चिक्की आणि शेंगदाणा-लसूण चटणी एकाच शेडमध्ये होते. मुंबईच्या एका दुकानदाराने लाडू-बिस्किटांवर ‘शेंगदाणामुक्त’ आणि ‘ग्लुटेनमुक्त’ (ग्लुटेन म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं प्रथिन) असं छापून मागितलं आहे. बायोसेन्सरने दहा मिनिटांत ॲलर्जन (ॲलर्जी आणणारा घटक) कळतं असं वाचलं. एखादं यंत्र घेतलं तर प्रत्येक बॅच तपासून लेबल लावता येईल का?”

ताई, थेट उत्तर आधी देतो. तपासणीच्या पट्ट्या किंवा यंत्र जरूर घ्या, पण सफाई तपासायला घ्या, लेबलसाठी नको. ज्या शेडमध्ये चिक्की होते तिथल्या लाडवांचा चमचाभर नमुना तपासून ‘शेंगदाणामुक्त’ छापणं मला मान्य नाही. मी सांगली-मिरज भागात बरीच वर्षं अन्नतपासणीचं काम करतो आहे आणि हाच प्रश्न हल्ली वारंवार येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं गणित शेंगदाण्याच्या पाकळीचं. तुमची राजगिऱ्याची बॅच 50 किलोची धरू. चिक्कीच्या टेबलावरून शेंगदाण्याची एक पाकळी, म्हणजे अर्धा दाणा, उडाली आणि त्यात पडली. तिचं वजन पाव ग्रॅम, म्हणजे 250 मिलिग्रॅम धरा. शेंगदाण्यात साधारण चौथा हिस्सा प्रथिन असतं, म्हणजे या पाकळीत 60 मिलिग्रॅमच्या आसपास. सगळ्या बॅचवर वाटून टाकलं तर ते किलोला जेमतेम सव्वा मिलिग्रॅम भरतं. कागदावर हा आकडा निरुपद्रवी दिसतो. पण पाकळी वाटली जात नाही, ती एका लाडवात जाते. 20 ग्रॅमचे 2500 लाडू वळलेत, तर 2499 लाडवांत काहीच नाही आणि एकात 60 मिलिग्रॅम. तुम्ही त्यातले पाच लाडू कुटून तपासले, दहा तपासले, तरी तो एक हाती लागण्याची शक्यता नगण्य. तो ज्या मुलाच्या डब्यात जाईल त्याला मात्र सगळेच्या सगळे 60 मिलिग्रॅम मिळतील. एफएओ (जागतिक अन्न व शेती संघटना) आणि डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) तज्ज्ञगटाने 2021 मध्ये शेंगदाण्यासाठी जी संदर्भमात्रा सुचवली ती 2 मिलिग्रॅम प्रथिनाची आहे. ॲलर्जी असलेल्या शंभरातल्या पंचाण्णव जणांना तेवढ्याने उघड त्रास होऊ नये, असा तिचा हिशेब. आपली पाकळी त्याच्या तीसपट आहे.

सेन्सर कितीही संवेदनशील असला तरी हे गणित बदलत नाही. जाहिरातीत ‘नॅनोग्रॅमपर्यंत ओळखतो’ असं लिहिलेलं असतं आणि माणूस त्याला भुलतो. 20 ग्रॅमच्या लाडवात 2 मिलिग्रॅम प्रथिन म्हणजे किलोला 100 मिलिग्रॅम. कुणी चिवड्यासारखा पदार्थ एका बैठकीत 100 ग्रॅम खाल्ला तर तीच मात्रा किलोला 20 मिलिग्रॅमवर येते. हे आकडे साध्या पट्टीच्याही आवाक्यातले आहेत. अडतं ते नमुन्यात आणि अर्क काढण्यात.

कुटाचा मात्र प्रकार वेगळा. शेंगदाण्याचं कूट पिठासारखं उडतं, यंत्राच्या फटीत बसतं, पुढच्या मालात बऱ्यापैकी सारखं मिसळतं. तिथे नमुना तपासण्याला अर्थ आहे. तुमच्या शेडमध्ये चटणीचं ग्राइंडर लाडवाच्या परातीपासून किती लांब आहे, हा मला सेन्सरच्या मॉडेलपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

आता बायोसेन्सर काम कसं करतो ते थोडक्यात, म्हणजे विक्रेता समोर बसल्यावर काय विचारायचं ते कळेल. त्यात दोन भाग असतात. एक ओळखणारा आणि दुसरा ती ओळख मोजता येईल अशा संकेतात बदलणारा. ही कल्पना जुनी आहे, 1962 मध्ये लेलँड क्लार्क यांनी ग्लुकोज ओळखणारं एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवायची युक्ती मांडली आणि आजचं साखर मोजायचं घरगुती यंत्र त्याच वाटेवरचं आहे. ॲलर्जनच्या बाबतीत ओळखणारा बहुधा अँटीबॉडी, म्हणजे एका ठरावीक रेणूलाच चिकटणारं प्रथिन, असतो. शेंगदाण्याची ‘एरा एच 1’, ‘एरा एच 2’ अशी नावं दिलेली प्रथिनं आहेत, त्यांतल्या एखाद्याला चिकटणारी अँटीबॉडी पट्टीवर किंवा इलेक्ट्रोडवर बसवलेली असते. अँटीबॉडीऐवजी ॲप्टॅमर, म्हणजे प्रयोगशाळेत निवडून बनवलेला डीएनए-आरएनएचा तुकडा, वापरण्यावर गेली काही वर्षं भरपूर संशोधन चाललं आहे. तो उष्णतेत टिकतो आणि दर खेपेला सारखाच बनवता येतो, म्हणून मला त्यात पुढची आशा दिसते.

संकेत मोजायचे मार्ग अनेक. पट्टीवर सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची लालसर रेघ उमटते, ती डोळ्यांनी किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचायची. इलेक्ट्रोडवर विजेचा प्रवाह मोजायचा. सोन्याच्या पातळ थरावर प्रकाश सोडून, प्रथिन चिकटलं की बदलणारा कोन मोजायचा. ही शेवटची पद्धत सुंदर आहे पण तिचं यंत्र मोठ्या प्रयोगशाळेतच शोभतं. तुम्ही वाचलेलं ‘दहा मिनिटांत’ बहुधा हार्वर्डच्या गटाने 2017 मध्ये मांडलेल्या आय-ईट या उपकरणाबद्दल असावं. त्यात चुंबकीय मण्यांवर अँटीबॉडी बसवून ॲलर्जन अर्कातून ओढून काढतात आणि इलेक्ट्रोडवर मोजतात. गहू, शेंगदाणा, हेझलनट, दूध आणि अंडं अशा पाच गोष्टींसाठी ते दाखवलं गेलं. त्याआधी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आयदोआन ओझजान यांच्या गटाने मोबाइलला जोडायचं आय-ट्यूब बनवलं होतं, त्याला 20 मिनिटं लागत. अमेरिकेत नीमा नावाचं खिशात मावणारं यंत्र विक्रीलाही आलं, आधी ग्लुटेनसाठी, मग शेंगदाण्यासाठी. हॉटेलात बसलेल्या माणसाने ताटातला वाटाण्याएवढा घास तपासावा, हा त्याचा हेतू. कारखान्यातल्या बॅचसाठी ते बनवलेलंच नव्हतं. संशोधनपत्रिकेतला सेन्सर आणि तुमच्या टेबलावरचा सेन्सर यांत अंतर आहे, ते विक्रेते सांगत नाहीत.

त्या अंतराचं मुख्य नाव अर्क. लाडू घन, सेन्सरला लागतो द्रव. लाडवातलं प्रथिन पाण्यात उतरलंच नाही तर सेन्सर समोर येईल ते प्रामाणिकपणे वाचतो आणि ‘नाही’ म्हणतो. खरपूस भाजलेल्या शेंगदाण्यात प्रथिनं साखरेशी बांधली जातात, एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि द्रावणात कमी उतरतात. चिक्कीत तर भाजणं आणि तापलेला गुळाचा पाक, दोन्ही. त्यात भर नाचणीची. नाचणीत टॅनिनसारखी पॉलिफेनॉल नावाची तुरट द्रव्यं भरपूर, ती प्रथिनाला धरून ठेवतात. नुसत्या पाण्यात नाचणीच्या बिस्किटाचा अर्क काढून पट्टी बुडवली तर आत शेंगदाणा असूनही पट्टी कोरी राहू शकते. यावर उपाय आहेत. कोमट, मीठ घातलेलं, किंचित अल्कधर्मी द्रावण वापरतात आणि पॉलिफेनॉलांना गुंतवून ठेवायला त्यात मासळीचं जिलेटिन किंवा साय काढलेल्या दुधाची भुकटी घालतात. त्याच अर्कात दुधाचीही चाचणी करायची असेल तर अर्थातच दूधभुकटी चालत नाही.

हळद हा आपल्या सांगलीचा खास अडथळा. चटणी-मसाल्यांच्या अर्काला पिवळाधमक रंग येतो आणि फिकट लाल रेघ त्यात बुडून जाते. प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरला हळदीतल्या करक्युमिन या रंगद्रव्याची स्वतःची चमक त्रास देते, आणि इलेक्ट्रोडवर करक्युमिनचं स्वतःचं ऑक्सिडीकरण होऊन खोटा प्रवाह येतो. म्हणून मसाल्याच्या मालाला चुंबकीय मण्यांची पद्धत मला आवडते: ॲलर्जन मण्यांना चिकटवायचं, चुंबकाने मणी एका बाजूला धरायचे, पिवळं पाणी ओतून टाकायचं, धुवायचं आणि मग मोजायचं. युरोप-अमेरिकेचे खरेदीदार मसाल्यांबाबत इतके कडक का, तेही सांगतो. 2014 च्या अखेरीस आणि 2015 मध्ये अमेरिकेत जिरेपुडीत न सांगितलेला शेंगदाणा सापडून मोठ्या प्रमाणावर माल परत मागवला गेला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जिऱ्यात बदाम सापडल्याचा गवगवा झाला, आणि सखोल तपासात एका नमुन्यात बदामाऐवजी त्याच्याच कुळातल्या माहलेब या झाडाच्या बियांचे अंश निघाले. बदामाच्या अँटीबॉडीला दोन्ही सारखेच दिसत होते. म्हणजे ‘आहे’ हे उत्तरसुद्धा डोळे मिटून घ्यायचं नसतं. वाद उभा राहिला तर मास स्पेक्ट्रोमेट्रीपर्यंत, म्हणजे रेणूंच्या वजनावरून प्रथिन ओळखणाऱ्या पद्धतीपर्यंत, जावं लागतं.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण तिच्यात खरा धोका आहे. पट्टीवर शेंगदाणा फार जास्त झाला तरी रेघ फिकी पडते, कधी नाहीशी होते. पट्टीत दोन अँटीबॉडींच्या मध्ये प्रथिन अडकतं तेव्हा रेघ दिसते. प्रथिनाचा पूर आला की दोन्ही अँटीबॉडी वेगवेगळ्या रेणूंनी व्यापल्या जातात आणि जोडी जमतच नाही. याला हुक परिणाम म्हणतात. चटणीचं ग्राइंडर नुसतं पुसलं आणि स्वॅब घेतला तर हे हमखास घडू शकतं, आणि तुम्ही खुशीत लाडवाचं पीठ त्यात टाकाल. संशय असेल तिथे अर्क दहापट आणि शंभरपट पातळ करून पुन्हा तपासा. पातळ केल्यावर रेघ ठळक झाली तर आधीचं ‘नाही’ खोटं होतं. काही पट्ट्यांवर अतिरेक दाखवणारी वेगळी रेघ असते, तशीच मागा.

एकक विचारा. ‘5 पीपीएम’ (किलोला 5 मिलिग्रॅम) म्हणजे 5 पीपीएम शेंगदाणा की शेंगदाण्याचं प्रथिन? दोहोंत चौपट फरक पडतो. ग्लुटेनच्या चाचण्यांत बहुधा ग्लायडिन हा ग्लुटेनचाच एक भाग मोजून दुप्पट करतात, तेही अहवालात स्पष्ट हवं.

ग्लुटेनबद्दल माझं मत वेगळं आहे, कारण तिथे कायद्याने आकडा दिला आहे: किलोला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. शिवाय ग्लुटेन पिठाच्या रूपात येतं, पाकळीसारखं एका लाडवात लपून बसत नाही. त्यामुळे ‘ग्लुटेनमुक्त’ तुम्हाला साधता येईल, पण लढाई कुपवाडच्या शेडमध्ये नाही, गिरणीत आहे. गव्हाच्या पिठात दहा टक्के ग्लुटेन धरलं तर किलोभर नाचणीत 200 मिलिग्रॅम गव्हाचं पीठ आलं की 20 ची मर्यादा गाठली. दहा किलोत 2 ग्रॅम! आधी गहू दळलेल्या गिरणीच्या दगडांत आणि खालच्या कापडी नळीत याहून कितीतरी जास्त पीठ अडकलेलं असतं. सुरुवातीचे काही किलो बाजूला काढून भागेल असं गृहीत धरू नका. गव्हाला कधी न लागलेली गिरणी शोधा किंवा स्वतःची लहान गिरणी बसवा, आणि धान्यातच गव्हाचे दाणे मिसळलेले नाहीत ना हे पाखडताना बघा. पुढे तिखट-मिठाची बिस्किटं काढणार असाल तर हिंगाचा डबा वाचा. बाजारच्या बांधलेल्या हिंगात मैदा असू शकतो. चाचणी मागताना आर-5 किंवा जी-12 अँटीबॉडीची एलायझा, म्हणजे अँटीबॉडीने प्रमाण मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी, मागा. ग्लायडिन साध्या पाण्यात उतरत नाही, त्याला अल्कोहोलचं द्रावण लागतं, आणि भाजलेल्या बिस्किटाला त्याहून जोरकस द्रावण. ‘पाण्यात कालवा, पट्टी बुडवा’ म्हणणारी ग्लुटेनची पट्टी मी बिस्किटासाठी घेणार नाही.

राजगिऱ्याच्या लाडवात तासगावचे बेदाणे घालत असाल तर एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगायला हवी. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) 2020 च्या लेबलिंग नियमांत ॲलर्जनच्या यादीत ग्लुटेनची धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा, बदाम-काजूसारखी कवचफळं आणि सोयाबीन यांच्याबरोबर सल्फाइटही आहे, किलोला 10 मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर. गंधकाची धुरी दिलेल्या पिवळ्या बेदाण्यात सल्फाइट असतं आणि दम्याच्या काही रुग्णांना ते भोवतं. सल्फाइटसाठी एन्झाइमवर चालणारे सेन्सर आहेत: सल्फाइट ऑक्सिडेज हे एन्झाइम सल्फाइटचं सल्फेट करतं, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ते इलेक्ट्रोडवर मोजतात. मालात क जीवनसत्त्व असेल तर आकडा फुगतो. आणि लसणीच्या चटणीत सल्फाइट तपासायची वेळ आली तर जुनी ऊर्ध्वपातनाची पद्धत लसणातल्या गंधकामुळे नसलेलं सल्फाइट दाखवते, हे प्रयोगशाळेला आठवण करून द्या. तीळ मात्र आपल्या यादीत नाही. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तो नववा ॲलर्जन झाला. माल बाहेर जाणार असेल तर तिळाच्या लाडवांचाही विचार आत्ताच करा.

दुधाबद्दल एकच सूचना. साताऱ्याच्या कंदी पेढ्यासारखा परतून परतून केलेला खव्याचा पदार्थ असेल तर बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन शोधणारी चाचणी फसू शकते, कारण ते प्रथिन उष्णतेने बदलतं. केसीन हे दुधातलं दुसरं प्रथिन टिकाऊ असतं, केसीनची चाचणी घ्या.

मग तुमच्या शेडमध्ये मी काय केलं असतं? आठवड्याची आखणी बदलली असती. लाडू-बिस्किटं आठवड्याच्या सुरुवातीला, चिक्की-चटणी शेवटी, आणि त्यानंतर, पुढचे लाडू वळण्याआधी, पूर्ण सफाई. कॉम्प्रेसरच्या हवेने कूट उडवायचं नाही, ते सगळ्या शेडभर बसतं. ब्रश आणि व्हॅक्यूमने आधी कोरडं काढायचं, मग साबण-गरम पाणी. सफाईनंतर स्वॅब घ्यायचे ते गुळगुळीत टेबलावरून नको, जिथे हात पोचत नाही तिथून: ग्राइंडरच्या पात्याखालून, परातीच्या दुमडलेल्या काठातून, स्क्रूच्या खाचेतून, कन्व्हेयरच्या जोडातून. धुण्याचं शेवटचं पाणीही तपासायचं. इथे शेंगदाण्याची पट्टी सोन्याच्या मोलाची आहे, कारण ती दहा-पंधरा मिनिटांत सांगते की पुन्हा घासा. क्लोरीन मारलं असेल तर ते नीट धुऊन काढल्यावरच स्वॅब घ्या, नाहीतर क्लोरीन अँटीबॉडीची ओळखच पुसू शकतं. कुणी एटीपीचा स्वॅब विकायला आलं तर लक्षात घ्या, तो सर्वसाधारण मळ दाखवतो, शेंगदाणा ओळखत नाही. आणि कामगारांचे हातमोजे, ॲप्रन, जेवणाच्या डब्यातली दाण्याची चटणी विसरू नका. ती बंद करायला सांगणं जिवावर येतं, आपल्याकडे चटणीशिवाय भाकरी उतरत नाही, पण निदान जेवणाची जागा वेगळी आणि नंतर साबणाने हात, एवढं तरी हवंच. नुसतं सॅनिटायझर प्रथिन काढत नाही.

पट्टी घेण्याआधी ती तुमच्याच मालावर चालते का ते बघा. शेंगदाण्याच्या वाऱ्यालाही न गेलेल्या जागी थोडे लाडू बनवा, त्यात मोजून शेंगदाण्याचं बारीक पीठ घाला आणि तपासा. प्रयोगशाळेत एलायझावर हेच करतात आणि घातलेल्यापैकी निम्म्यापासून दीडपटीपर्यंत परत मिळालं तर कठीण मालासाठी पद्धत चालण्याजोगी समजतात. जो विक्रेता तुमच्या लाडवावर हे करून दाखवायला तयार नाही त्याच्याकडून काहीच घेऊ नका, तो कितीही आधुनिक सेन्सर दाखवत असला तरी.

दुकानदाराला माझ्या मते असं सांगा: ‘ग्लुटेनमुक्त’ आम्ही गिरणी वेगळी करून आणि एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे अहवाल हाती आल्यावर देऊ. ‘शेंगदाणामुक्त’ तेव्हाच, जेव्हा चिक्की आणि चटणी दुसऱ्या शेडमध्ये, दुसऱ्या भांड्यांत आणि दुसऱ्या माणसांच्या हातात जाईल. तोपर्यंत पाकिटावर ‘शेंगदाणा असू शकतो’ ही सूचना राहील. ऑर्डर जाईल ही भीती मला कळते. पण ज्या आईने ‘मुक्त’ हा शब्द वाचून लाडू डब्यात घातला, तिच्या मुलाचा घसा काही मिनिटांत सुजू शकतो, आणि त्या वेळी ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन हाताशी असेलच असं नाही.

प्रयोगशाळेत नमुना पाठवाल तेव्हा एकच लाडू पाठवू नका. बॅचच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे वेगवेगळ्या पिशव्यांत द्या. सफाईनंतरच्या पहिल्या घाण्याचे लाडू तर नक्की द्या, कारण उरलेलं कूट त्यातच उतरतं. सोबत घटकांची यादी, काय भाजलं आहे, नाचणी-हळद-गूळ किती आहे ते लिहा, आणि तुमच्या पदार्थात घातलेला शेंगदाणा किती परत मिळाला तो आकडा अहवालात मागा. त्याच बॅचचे थोडे लाडू सीलबंद करून टिकवण्याची मुदत संपेपर्यंत तुमच्याकडे ठेवा.